दुर्बीणबाईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं

विमानतळावर पक्षी हाकलायला पगारी माणूस ठेवतात, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. एक साधी घार इंजिनात शिरली की इंजिनाची काय दशा होते ते एकदा पाहिलं असतं, तर त्यांची बोलती बंद झाली असती. आपल्या या बाई तेवीस वर्षं हेच काम करत होत्या. पिवळी जीप, जीपच्या टपावर भोंगा, मागच्या सीटवर आवाजाची बंदूक आणि गळ्यात दुर्बीण. ती दुर्बीण त्या जेवतानासुद्धा काढत नसत. म्हणून सगळे त्यांना दुर्बीणबाई म्हणायचे, पाठीमागे आणि तोंडावरही. त्यांना त्याचं काही वाटत नसे. “नाव ठेवलंच आहे तर निदान कामाचं ठेवलंय,” असं त्या म्हणायच्या.

काम वाटतं तितकं सोपं नाही. पहिलं विमान सुटायच्या आधी अख्ख्या धावपट्टीवरून एक फेरी. मग कडेच्या गवताकडे लक्ष. गवत फार आखूड कापलं तर टिटव्या येऊन बसतात, फार वाढू दिलं तर उंदीर माजतात आणि उंदरांमागे घारी. वीतभर ठेवायचं, ना कमी ना जास्त. आणि दिवसभर जे जे दिसेल ते वहीत उतरवायचं: वेळ, दिशा, उंची, कोणता पक्षी, किती. अशा त्यांच्या सत्तेचाळीस वह्या भरल्या होत्या आणि एकाही वहीत कुठे प्रश्नचिन्ह नव्हतं. दिसलं तर लिहायचं, नाही दिसलं तर नाही लिहायचं. ‘बहुतेक’ हा शब्द बाईंना ठाऊकच नव्हता म्हणा ना.

त्यांच्या नजरेचा दबदबा किती, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका वैमानिकाने उतरता उतरता कळवलं की डाव्या हाताला ड्रोन दिसला. झालं! धावपट्टी बंद, आगीचे बंब बाहेर, पोलिसांची धावपळ. बाईंनी जीपला टेकून दुर्बीण लावली आणि वॉकीटॉकीवर शांतपणे सांगितलं, “काळी प्लास्टिकची पिशवी आहे. तिचा एक कान फाटलाय.” पाऊण तासाने पिशवी कुंपणाच्या तारेत येऊन अडकली. एक कान फाटलेला होता! तेव्हापासून कंट्रोल टॉवरमधली माणसं म्हणायला लागली, दुर्बीणबाईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं. पुढे पुढे तर कोणी दुसऱ्यांदा विचारेनासंच झालं.

नवरा मात्र त्यांची टर उडवायचा. तो निवृत्त बसचालक. सकाळी चहा ढवळताना हमखास म्हणायचा, “मैलभर लांबची पिशवी दिसते, पण समोर ठेवलेली साखर दिसत नाही. धन्य आहे!” बाई म्हणायच्या, “साखर उडत नाही ना, म्हणून.”

आता कबुतरवाल्याकडे वळू, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. धावपट्टीच्या पूर्वेला कुंपण आहे, कुंपणापलीकडे एक रस्ता आणि रस्त्याच्या कडेला बैठ्या घरांची रांग. त्या रांगेत शेवटून तिसरं घर त्याचं. धंदा छपरं दुरुस्त करण्याचा, नाद कबुतरांचा. गच्चीवर खुराडं बांधलेलं, आणि कबुतरं एकदा सुटली की बरोबर धावपट्टीवरून गिरकी घ्यायची. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा वर्षांत त्यांनी त्याच्याविरुद्ध अकरा तक्रारी लिहिल्या. तोही काही कमी नव्हता. गच्चीवर उभा राहून ओरडायचा, “काय हो दुर्बीणबाई, मोजली का आज?” बाई जीपच्या भोंग्यातून उत्तर द्यायच्या, “एकवीस! काल वीस होती. एक कुठून आणलंत?” आणि एकवीसच असायची, हे तोही जाणून होता. शेवटी कचेरीतून नोटीस गेली आणि त्याला निम्मी कबुतरं देऊन टाकावी लागली. त्यानंतर तो ओरडायचा बंद झाला. रस्त्यात समोर आला तर मान फिरवून निघून जायचा.

त्याच्या घरात एक ड्रोनही होता. चोरून ठेवलेला नाही, रीतसर परवान्याचा. उंच छपरावर शिडी लावून चढण्यापेक्षा ड्रोन वर पाठवून फुटकी कौलं बघायची, ही त्याच्या मुलीची कल्पना. मुलगी सत्तावीस वर्षांची. बापाच्या बरोबरीने धंदा बघायची आणि ड्रोन उडवायचं काम तिचंच. विमानतळाजवळ तो पेटीतून बाहेरसुद्धा काढायचा नाही अशी परवान्यात अट होती, आणि ती दोघं ती पाळत होती. बाईंनी एवढी माहितीसुद्धा आपल्या वहीत लिहून ठेवली होती. तसा उद्योग त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचणार!

तर तो मंगळवार. दुपारी एक वीसला पश्चिम टोकाकडच्या टिटव्या एकदम किंचाळत उठल्या. बाईंनी दुर्बीण लावली. पांढरट यंत्र, चार हात, झपाट्याने धावपट्टी ओलांडून पूर्वेकडे निघालेलं. त्याच वेळी उतरणाऱ्या विमानातूनही ओरड झाली. बाईंनी कळवलं, “ड्रोन आहे. पिशवी नाही, पक्षी नाही. पूर्वेला गेला.” धावपट्टी बंद झाली.

यातला नियम समजून घ्या. ड्रोन दिसला असं कोणी जबाबदार माणसाने सांगितलं की धावपट्टी बंद. शेवटचा दिसल्यापासून पुरा अर्धा तास आकाश साफ राहिलं तरच ती उघडायची. मध्येच कोणी ‘दिसला’ म्हणालं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. नियम कडक आहे खरा, पण बरोबर आहे. घार निदान मऊ असते. दोन किलोचं यंत्र बॅटरीसकट इंजिनात गेलं तर आत बसलेल्या दीडशे-दोनशे माणसांचं काय?

पण अशा दिवशी प्रत्येकाला आकाशात काही ना काही दिसायला लागतं. पावणेदोनला बंबावरच्या माणसाला दिसलं. दोन दहाला एका वैमानिकाला, दोन पस्तीसला दुसऱ्या एकाला. तीनला सामान चढवणाऱ्यांपैकी दोघांना, आणि साडेतीनच्या जरा आधी पुन्हा एकाला. दर वेळी अर्धा तास नव्याने सुरू. यायची विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवली, जायची जागच्या जागी उभी. आत प्रवाशांच्या रांगा दारापर्यंत आलेल्या. लोक फरशीवर बसलेले, पोरं रडतायत, काउंटरवरच्या मुलींना शिव्या खाव्या लागतायत. एक म्हातारा गृहस्थ सगळ्यांना विचारत होता, एवढ्याशा खेळण्याला कोणी दगड का मारत नाही? प्रश्न अगदीच वेडा नव्हता. पण दगड मारायला आधी ते दिसायला हवं!

चारला धावपट्टी उघडायची असं ठरत आलं होतं. तीन छप्पन्नला बाईंना दिसलं.

पूर्वेला, घरांच्या रांगेवर, चार हातांचं गडद यंत्र हवेत खिळल्यासारखं उभं. बाईंनी घरं मोजली. शेवटून तिसरं. खोटं कशाला बोलू, त्यांना आनंदच झाला. बारा वर्षांचा हिशेब होता तो. त्यांनी कळवलं, “दिसला. कबुतरवाल्याच्या गच्चीवर. उंची साठ मीटर, स्थिर आहे. आता खाली उतरतोय. त्याच्याच गच्चीवर उतरतोय.”

पोलीस दहा मिनिटांत त्या घरात होते. ड्रोनची पेटी कपाटावर सापडली. उघडली तर रिकामी. कबुतरवाला एकटाच घरी होता. पेटीकडे नुसता बघत राहिला. त्याला गाडीत घातलं आणि नेलं. पाच वाजता धावपट्टी उघडली, आणि टॉवरमधल्या लोकांनी वॉकीटॉकीवरून बाईंसाठी टाळ्या वाजवल्या. सुरक्षा विभागाचे साहेब स्वतः जीपपर्यंत चालत आले. म्हणाले, “बाई, ड्रोनवर नजर ठेवायला नवं पथक काढतोय. प्रमुख तुम्ही. पत्र उद्या देतो.” बाई हरखून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने पेपर वाचून दाखवला. बाईंचं नाव नव्हतं, पण ‘एका दक्ष कर्मचाऱ्याच्या नजरेमुळे’ असं छापलं होतं. तो म्हणाला, “दक्ष कर्मचारी, जरा तो साखरेचा डबा द्या.” बाई हसल्या. छान मजेत कामावर गेल्या आणि आदल्या दिवशी गडबडीत अर्धवट राहिलेली वही पुरी करायला बसल्या.

एक वीसची नोंद: पांढरट, वेगाने, पूर्वेला. पुढे तीन छप्पन्नची: गडद, स्थिर. आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात घाईघाईने लिहिलेलं, ‘पोटाखाली नारिंगी चमक, ऊन?’

बाई त्या प्रश्नचिन्हाकडे बघत राहिल्या. हे आपण कधी लिहिलं? सूर्य तेव्हा अजून बराच वर होता. मग पोटाखाली ऊन कुठून येणार?

त्या जीप घेऊन तडक पूर्वेच्या फाटकाशी गेल्या. तिथे पोलिसांच्या ड्रोनपथकाची गाडी होती, आणि एक जाडजूड हवालदार सामान आवरत होता. आदल्या दिवशी हे पथक साडेतीननंतर येऊन उभं राहिलेलं बाईंनी लांबून पाहिलं होतं, पण ते नेमकं काय करतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. हवालदार पेटीत एक यंत्र ठेवत होता. गडद रंगाचं, चार हातांचं. पोटाखाली नारिंगी पट्टा.

“हे काल उडवलंत?” बाईंनी विचारलं.

“उडवलं की. कॅमेरा आहे याला. चोर ड्रोन शोधायला हाच ड्रोन.”

“कुठे उडवलंत?”

“पूर्वेला. तुम्हीच म्हणाला होतात ना बाई, पूर्वेला गेला म्हणून.”

“किती वाजता?”

हवालदाराने पडद्यावर बोट फिरवलं. “तीन बावन्नला वर, चार सातला खाली.”

“तीन छप्पन्नला कुठे होतं ते बघा.”

त्याने बघितलं. “घरांच्या रांगेवर. एका गच्चीवर खुराड्यासारखं काही दिसलं म्हणून तिथे थांबवलं, मग जवळून बघायला जरा खाली घेतलं. उंची साठ...” तो पडद्यावर पुन्हा वाकला. मग हळूच म्हणाला, “मला वायरलेसवर सांगितलं होतं, शेवटून तिसऱ्या घरावर ड्रोन आहे, नीट बघ. मी चारी बाजूंना कॅमेरा फिरवला. मला काही दिसेना.”

कसं दिसणार? बिचारा स्वतःच स्वतःला शोधत होता! दुसरी कुठलीही वेळ असती तर बाई पोट धरून हसल्या असत्या.

“मला का नाही कोणी सांगितलं?”

“टॉवरला सांगितलं होतं, बाई. पक्कं सांगितलं होतं.”

बाईंनी तिथूनच टॉवरला विचारलं. टॉवरमधला माणूस म्हणाला, “आम्हाला माहीत होतं. पण तुम्हाला काय सांगायचं? म्हटलं, पोलिसांचं यंत्र तुम्ही बघताच ओळखाल. आणि तुम्ही ‘दिसला’ म्हणालात, तेव्हा एकदा मनात आलं होतं, पोलिसांचाच तर नसेल? पण मग वाटलं, बाई म्हणतायत म्हणजे दुसराच असणार.”

दुसऱ्या कोणी ‘दिसला’ म्हटलं असतं तर त्याला दहा प्रश्न विचारले असते. बाईंना एकही विचारला नाही.

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, “तुम्हाला कळलेलं दिसत नाही. त्या माणसाने काल संध्याकाळीच कबूल केलंय. स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, ड्रोन मीच उडवला. मग तुम्ही नेमकं काय पाहिलं, याला आता काय अर्थ उरला?”

“कबूल केलं?”

“सही केलीय. आता बाई, विचार करा. तुम्ही आज हे बोललात की उद्या पेपरात काय येईल? विमानतळाने पोलिसांच्याच ड्रोनपायी धावपट्टी एक तास जास्त बंद ठेवली. नवं पथक विसरा. तुमच्या शब्दावर यापुढे कोण धावपट्टी उघडणार? आणि एवढं सगळं कशासाठी, तर ज्याने गुन्हा कबूल केलाय त्याच्यासाठी?”

बाई जीपमध्ये येऊन बसल्या. इंजिन सुरू केलं नाही. त्या काही देवमाणूस नव्हत्या. साहेबांचं बोलणं त्यांना पटत होतं, पटवून घ्यावंसं वाटत होतं. त्याने लिहून दिलंय म्हणजे केलंच असणार. एक वीसचा पांढरट ड्रोन त्याचाच असेल. न केलेला गुन्हा कोणी उगाच कशाला अंगावर घेईल? अशा गुन्ह्याला कित्येक वर्षांची कैद आहे, कबुतरवाल्यालाही ते ठाऊक असणार. असा सगळा विचार करून झाला, आणि तरी एक गोष्ट हलेना. तीन छप्पन्नला गच्चीवर जे होतं ते त्याचं नव्हतं. पोलीस त्याच्या घरात शिरले ते तेवढ्याच एका गोष्टीवरून. बाकी कशाबद्दल बाईंना काही सांगता येत नव्हतं, पण याबद्दल येत होतं.

त्यांनी नवऱ्याला फोन केला. “अहो, मी चुकले,” म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. त्या माणसाने विनोद केला नाही, म्हणजे बघा.

“अगं, मग जा आणि सांग,” तो म्हणाला. “तेवीस वर्षं दुसऱ्यांचं सांगत आलीस. आता एकदा स्वतःचं सांग. आणि सावकाश गाडी चालव.”

पोलीस ठाण्यात एक लांब बाक होतं, आणि बाकावर कबुतरवाल्याची मुलगी बसली होती. बाईंनी तिला गच्चीवर शेकडो वेळा पाहिलं होतं, पण लांबून, दुर्बिणीतून. जवळून ती बापासारखीच दिसत होती. हातात एक चुरगळलेली पावती. बाईंना बघून ती ताडकन उठली.

“तुम्हीच ना त्या? तुम्ही काय पाहिलंत हो? आमचा ड्रोन आठ दिवसांपासून दुरुस्तीला पडलाय! मी एका छपरावरच्या धुराड्याला धडकवला, त्याचा हात मोडला. बाबा रागावतील म्हणून त्यांना सांगितलं नाही, गुपचूप दुकानात दिला. ही बघा पावती. काल मी कामावर होते, रात्री घरी आले तर हे सगळं. सकाळपासून ही पावती दाखवतेय, तर म्हणतात, तुझ्या बापाने कबूल केलंय. दुसरा एखादा ड्रोन असेल म्हणतात. कुठून असेल दुसरा?”

बाईंना तिच्या डोळ्यांना डोळा देता येईना. “तेच सांगायला आलेय,” एवढं म्हणून त्या इन्स्पेक्टरच्या खोलीत गेल्या.

इन्स्पेक्टर वैतागला. “बाई, कबुली आहे माझ्याकडे. तुम्ही कशाला स्वतःचं नाक कापून घेताय?”

“त्याने खोटं लिहिलंय.”

“कोण लिहितं असं खोटं? आणि का?”

“ते मला ठाऊक नाही. माझं काय चुकलं ते मला ठाऊक आहे. कागद द्या.”

बाईंनी लिहिलं. तारीख, वेळ, दिशा, उंची. ‘मी पाहिलेलं यंत्र पोलिसांचं होतं. मी ते ओळखलं नाही. माझी नोंद चुकीची आहे.’ शेवटचं वाक्यही त्यांनी नीट अक्षरात लिहिलं. खाली सही केली. इन्स्पेक्टरने कपाळावर हात मारला आणि फोन उचलला. हवालदाराने यंत्रातली नोंद वाचून दाखवली. दुरुस्तीच्या दुकानदाराने सांगितलं, “हो, मोडका ड्रोन माझ्याच टेबलावर पडलाय, आठ दिवस झाले.” एक वीसचा पांढरट ड्रोन कोणाचा, ते मात्र कोणालाच सांगता आलं नाही. या सगळ्यात दोन तास गेले. ते दोन तास बाई आणि मुलगी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून होत्या. मधे एकदा मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी ती घेतली, कारण नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

मग कबुतरवाल्याला बाहेर आणलं. एका दिवसात माणूस उतरला होता. मुलगी धावत जाऊन त्याला बिलगली. बाई उठून उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, “माझी चूक होती. ते यंत्र पोलिसांचं होतं. माझ्यामुळे तुम्हाला आत बसावं लागलं. मला माफ करा.”

कबुतरवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. “पोलिसांचं?” मग मुलीकडे वळून म्हणाला, “आणि आपला कुठाय?”

“दुरुस्तीला. मीच मोडला होता, बाबा. सांगायची हिंमत झाली नाही.”

तो भिंतीला टेकला. बाईंना वाटलं, आता हा शिव्या देणार, आणि त्या ऐकून घ्यायची त्यांनी मनाची तयारी केली. पण आधी मुलगीच बोलली.

“पण मग तुम्ही लिहून का दिलंत?” तिने विचारलं. “न केलेलं का कबूल केलंत, बाबा?”

“पेटी रिकामी निघाली,” तो म्हणाला. “मी तर उडवला नव्हता. मला येतही नाही उडवायला. पेटीला हात लावणारी तू एकटी. तरी मी भांडलो असतो. आमच्या घरातून नाही उडाला म्हणून डोकं आपटलं असतं. पण पोलीस म्हणाले, दुर्बीणबाईंनी पाहिलंय.”

“म्हणून?”

“बारा वर्षं बघतोय मी यांना. माझा जीव नकोसा केला यांनी, पण एक कबुतर कधी जास्त लिहिलं नाही की कमी लिहिलं नाही. या म्हणाल्या आपल्या गच्चीवर उतरला, म्हणजे उतरलाच असणार. मग उडवणारं कोण राहिलं? म्हटलं, तुझं अख्खं आयुष्य पडलंय. मी जातो आत.”

मुलीने त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

“तुम्ही मला विचारलंही नाहीत,” ती म्हणाली. “एक फोन करायचा होता. तुम्हाला वाटलं, मी दोनशे माणसांच्या विमानासमोर ड्रोन नेला? मी?”

“तसं नाही ग. तुला वाचवायलाच तर...”

“कशापासून? मी काही केलंच नव्हतं!”

ती दार उघडून बाहेर पडली. कबुतरवाला तसाच उभा. बाई जवळजवळ ओरडल्याच, “अहो, पोटच्या पोरीपेक्षा माझ्यावर विश्वास कशाला ठेवलात?”

“तुमच्यावर ठेवायचा नाही, तर मग कोणावर ठेवायचा?” तो म्हणाला. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मग तो लगबगीने मुलीच्या मागे निघाला. ती रस्त्याच्या पार टोकाला पोचली होती. त्याने दोनदा हाक मारली. ती थांबली नाही.